अक्का सारं काम करते

धुळे,
दि. १८ मे १९९३

ती. स्व. रतिलालभाऊजींना कोकिळाचा सा. नमस्कार.

मी इकडे बरी आहे. वाऱ्यानं असोद्याकडच्या केळी आडव्या झाल्या असं ऐकलं. आपला मळा वाचला असेल अशी आशा करते.

गुरुवारी मी येऊन गेले, तुम्ही फैजपूरला होतात. तुमच्या आईंनी, शेवंतामावशींनी, आग्रहानं जेवू घातलं. आमच्या अक्काच्या कंबरेचं विचारलं तर त्याच म्हणाल्या, "तिले काय झालं? सारं काम करते." अक्का भाकरी थापत होती, मान खाली घालून हसली. मावशींसमोर मला पुढं विचारता आलं नाही.

आमच्या दवाखान्यात कंबरदुखीच्या रोग्यांची पाहणी चालू आहे. दुखण्यानं माणूस किती अडला, ते प्रश्न विचारून मोजायचं; जास्त अडला तर आकडा मोठा. प्रश्न परदेशातून आलेले. त्यातला पायमोजे घालण्याचा प्रश्न काढून आम्ही हंडा उचलणं, कापूस वेचणं, उकिडवं बसणं घातलं. पुरुष भडाभडा सांगतात. अभिमनबाबा म्हणून एक आले होते. म्हणाले, "बाई, घरकामनं इचारू नको, बायको शेजारे बठेल शे!" सगळे हसलो.

बायकांचे आकडे मात्र फार कमी येत. सगळ्यांचं उत्तर एकच, "बठ्ठं करस." तुमच्याकडचं तेच, सारं करते. आपल्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली, त्यामुळे कागदावर माझा भारी विश्वास. आमच्या बायका काटक, असं मी अहवालात लिहायलाही घेतलं होतं.

मग भागाबाईचं झालं. तिचा आकडा सर्वांत कमी होता. उत्तरं सासू देत होती आणि भागाबाई नुसती मान हलवत होती. मला त्यात वावगं वाटलं नाही. सासूसमोर सून बोलत नाही, हे आपल्याकडं रोजचंच. गेल्या सोमवारी तिला खाटेवर घालून आणलं. म्हणाली, "बाई, काम मी बठ्ठं करस ना. पाय तेवढा माले समजत नही." आता दोन्ही पाय समजत नाहीत. मणक्यात नस दबली होती. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले.

आता मी 'जमतं का' असं विचारत नाही. सासूला बाहेर बसवते आणि 'कसं करता' विचारते. मग कळतं, भिंत धरून करतात, रांगत करतात.

भाऊजी, आखाजीच्या सणाला अक्का माहेरी आली तेव्हा झोक्यावर बसली नाही. नदीकडं जाताना तिची चप्पल पायातून निघाली आणि ती तशीच पुढं चालत गेली. तापलेल्या फुफाट्यातून. मी हाक मारली तेव्हा तिनं खाली पाहिलं. पोरी हसल्या, तीही हसली.

आणखी एक आहे. ते लिहिताना हात अडतो. तुमच्यासमोर मी आजवर मोठ्यानं हसलेसुद्धा नाही. त्याच पहाटे अक्का अंथरूण धुवत होती. तांब्या लवंडला म्हणाली. खरंच लवंडला असावा, असं मी मनाला किती वेळा सांगितलं. तिला विचारा, लघवी झालेली कळते का? एकटीला विचारा, मावशींसमोर नको. भागाबाईचंही असंच सुरू झालं होतं.

ती काहीही म्हणाली तरी आणा. मावशी म्हणतील, चालत्याबोलत्या सुनेला दवाखाना कशाला. अक्का स्वतःच म्हणेल, मी सारं करते. मला त्याच शब्दांची धडकी भरते. तुम्ही ऐकू नका. गाडी करा, आडवी झोपवून आणा. पेरणीआधीची कामं राहू द्या.

मी डॉक्टरांना विचारलं, अजून वेळ आहे ना? ते म्हणाले, पाहिल्याशिवाय कसं सांगू.

लोटनमामा बसनं येत आहेत, ते हे पत्र तुमच्याच हातात देतील. घरात मोठ्यानं वाचू नका. उत्तर लिहीत बसू नका.

दवाखान्याच्या दारात उभी राहून येणारी प्रत्येक गाडी बघणारी,
तुमची घाबरलेली मेव्हणी
कोकिळा