हरण्याची तालीम

३ मार्च, मंगळ.
ईरा शाळेतून उड्या मारतच आली. "आजी, मी पिचर!" म्हणजे चेंडू टाकणारी. शाळेच्या समारंभात शंभरेक वर्षांपूर्वीची अमेरिकेतली एक व्यावसायिक बेसबॉल मॅच करून दाखवणार आहेत. जुने कपडे, जुन्या टोप्या. नातीचं कौतुक वाटलं, शिरा केला.
जेवताना कळलं, मॅच जशी झाली तशीच दाखवायची. म्हणजे हिचा संघ हरणार. शेवटच्या मुलाला हिने हळू चेंडू द्यायचा, त्याने तो दोरीपार मारायचा.
"तूच का?"
"त्याला एरवी लागत नाही ना. मी बरोब्बर बॅटवर देते."
नेम चांगला, म्हणून हरायला निवडली! शिऱ्याची वाटी बाजूला सारली.

५ मार्च, गुरु.
निखिल म्हणतो, "आई, नाटक आहे गं ते." नाटकात तलवार लाकडाची असते. इथे चेंडू खरा, हात खरा.
सूनबाई मृण्मयी म्हणाली, "आई, प्लीज, शाळेत फोन नको." केला. समारंभ बसवणारे सर गोड आवाजात म्हणाले, इतिहास बदलता येत नाही. म्हटलं, त्या काळी मैदानावर मुली नव्हत्या, तो बदललात की. हसले. मी विनोद करत नव्हते.

८ मार्च, रवि.
कॉन्डोच्या, म्हणजे आमच्या इथल्या सोसायटीच्या, मागे ईराचे चेंडू पकडले. सगळे मऊ, पोटाच्या उंचीवर.
"जोरात टाक."
"टाकतेय."
नव्हती टाकत. तिला कळतच नव्हतं. अमरावतीला कॉलेजच्या संघात मी पिचर होते. आमचं सॉफ्टबॉल, खालून फेकायचं. पण हाताला लागलेली सवय मी ओळखते. रोज शाळा सुटल्यावर हळू टाकण्याची तालीम! आणि समारंभानंतरच्या सोमवारी शाळेच्या संघाची निवड. दोन वर्षं पोरगी त्यासाठी झटतेय. याचा विचार कोणी केला?
सिक्युरिटीवाला आला, इथल्या सगळ्यांसारखा वाक्याच्या शेवटी 'ला' लावत. "आँटी, नो बॉल गेम हिअर ला." त्याच्यावरही ओरडले. नियम त्याचाच बरोबर होता.

११ मार्च, बुध.
ईराला सांगितलं, त्या दिवशी तुझा चेंडू टाक. काय व्हायचं ते होऊ दे.
मृ.ने ऐकलं. "आई, तुमचा राग तिच्या हातात देऊ नका."
संध्याकाळभर त्याचाच संताप.

१४ मार्च, शनि.
ऊन मरणाचं. आईबाप गवती हॅट घालून बसलेले.
शेवटचा मुलगा आला. ईराने तीन सणसणीत टाकले. तिन्ही वेळा त्याची बॅट हवेत, आणि तीनदा हुकलं की बाद. आऊट! मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.
सर माइकवर हसत, "ओके, वन मोअर टाइम!" आऊट झालेल्या मुलाला परत उभं केलं. लोकही हसले. निर्लज्ज.
ईरा चेंडू धरून बराच वेळ उभी. मग टाकला. हळू. त्याने मारला, दोरीपार. बँड वाजला.
टॅक्सीत मी सरांचा उद्धार करत होते.
"आजी, स्टॉप ला."
थोड्या वेळाने स्वतःच बोलली. "शेवटचापण मी फास्टच टाकला होता."
मृ.ने माझ्याकडे पाहिलं. तो हळूच होता, आम्ही दोघींनी पाहिलेला.

१५ मार्च, रवि.
खाली खेळाच्या मैदानात जाऊ म्हटलं, थोडे टाकून बघ. "नको." दार लावून बसली. निखिलला आता काळजी लागलीय. आता! त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

१६ मार्च, सोम.
निवड शाळा सुटल्यावर. सकाळी निघताना म्हणाली, "तू येऊ नकोस." म्हणून घरी.
मृ. ऑफिसातून लवकर आली. दोघी चहा घेऊन बसलो. ती फोन उलटा ठेवते, सुलटा करते. सरांना पत्र लिहायचं डोक्यात होतं, मजकूरही तयार. कागद घेतला नाही.
लिफ्ट वाजली. आली.
बूट काढायला केवढा वेळ. पाठमोरी बसलीय, इथून चेहरा दिसत नाही. मृ. उठायला लागली, मी तिचा हात धरला.