शर्वरीचं रविवारचं पान

खातीपुरा, जयपूर

तीर्थरूप नाना,

"रडून झालं की पुन्हा कर, पण सोडू नकोस," तुम्ही म्हणाला होतात. मी सात वर्षांची होते, भागाकार जमत नव्हता. जमेपर्यंत तुम्ही शेजारी बसून राहिलात.

तेच मी शर्वरीला शिकवतेय. तिची शाळा हिंदी-इंग्रजी. तरी रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्हाला वाचून दाखवायचं म्हणून ती आठवडाभर मराठीचं एकच पान घेऊन बसते.

काल चौथ्या ओळीला ती अडखळली, पुन्हा वाचली, आणि वर पाहिलं तर पडद्यावर तुमचा छताचा पंखा. फोन उताणा ठेवून तुम्ही आईला सांगत होतात, "चालू दे तिचं. मी पेपर वाचतो. तिला कुठलं आता मराठी येतंय."

"मम्मा, मतलब नाना दर वेळी असंच करतात?"

मी म्हटलं, रेंज गेली असेल. ती पाचवी ओळ वाचायला लागली. पुस्तक मीच मिटलं, नाना.

हे पत्र मी टाकणार नाही. "एवढा वेळ कोण बसणार," हे तुमचं उत्तर मला पाठ आहे. तरी विचारते, येत्या रविवारी पान संपेपर्यंत तिच्याकडे बघत राहाल?

तुमची,
चारू