आईच्या आवाजाची लेव्हल

४ नोव्हेंबर, बुधवार

सगळं वाया! आईनं तिच्या आईची दोन गाणी अख्खी म्हटली आणि रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही फाटली. चढ्या ओळींवर नुसता खर्रखर्र आवाज. मागाहून लेव्हल कमी केली तरी फाटलेलं फाटलेलंच राहतं — हे आज कळलं.

चूक माझीच. आधी काहीतरी बोल म्हटलं, तर माइकसमोर ती सरकारी कचेरीत बोलते तशी बोलली — मान खाली, शब्द ओठांतल्या ओठांत. मी त्या आवाजावर माइकची लेव्हल लावली, बरीच वर. मग ती गायली. लॉन्ड्रीत इस्त्री करताना मशीनच्या वरताण गायची सवय! स्क्रीनवरची पट्टी थेट लाल.

एवढी घाई कसली, असं तिनं विचारलं. प्रॅक्टिस, म्हणाले.

५ नोव्हेंबर

खोटं बोलले. सोमवारी तिच्या घशातली गाठ काढायची आहे. संमतीचा फॉर्म मीच वाचून दाखवला — घरात वाचता येतं ते मलाच. ‘आवाज कायमचा बदलू शकतो किंवा जाऊ शकतो’ ही ओळ मी गाळली. तिनं निमूट अंगठा उठवला.

६ नोव्हेंबर

आज भीतीनं लेव्हल इतकी खाली ठेवली की नंतर वाढवल्यावर आईपेक्षा फ्रिजच जास्त गातोय. आई कंटाळली. आणि मी हिला काय सांगू?

७ नोव्हेंबर, शनिवार

जमलं! फ्रिज बंद केला. बोलायला लावलंच नाही. म्हटलं, बाबा जिन्याखाली आहेत असं समज आणि हाक मार. तिनं मारली. बाबा खरंच शेजारच्यांकडून धावत आले, एका पायात चप्पल! त्या हाकेवर लेव्हल लावली, पट्टीत लालच्या आधी थोडी जागा सोडली, माइक वीतभर लांब. गाणं संपेपर्यंत एकदाही लाल नाही. नितळ.

ऐकून झालं आणि फॉर्म पुन्हा बाहेर काढला.

८ नोव्हेंबर

सांगितलं. ती ओळ जशीच्या तशी वाचली. आई दवाखान्याची पिशवी भरत होती, भरतच राहिली. म्हणाली, “त्या दिवशी वाचता वाचता अडखळलीस, तेव्हाच कळलं. डॉक्टरीणबाईंना विचारलं मी. तू कधी सांगतेस ते बघत होते.”

मग रागावली. आवाजाबद्दल नाहीच. “फॉर्म माझा होता. सगळा वाचायचा.”

९ नोव्हेंबर

झालं ऑपरेशन. दहा दिवस एक शब्दही बोलायचा नाही.

१९ नोव्हेंबर

आई बोलली. जाड, खरखरीत, खोल गेलेला आवाज — दाराआडून ऐकला असता तर ओळखला नसता. तिला बरं वाटावं म्हणून शनिवारचं गाणं लावलं. दोन ओळींतच तिनं हातानं थांबवलं आणि माइक जवळ ओढला.

“ती बाई राहू दे. आता मला घे.”