तिला कुणी रागावलं नाही

बाबा, गेल्या महिन्यात तुमच्या ऑफिसातली एक बाई भेटली. पाच वर्षं तुमच्याच हाताखाली पाइपिंग डिझाइनमध्ये होती. नाव लिहीत नाही. माझ्या कामात नावं लिहायची नसतात, आणि तुम्हाला नावाची गरजही पडणार नाही, कारण तुमच्या टीममध्ये ब्लॅक इंजिनिअर ती एकटीच होती. तुम्ही गेलात तेव्हा मी हे काम नुकतंच हातात घेतलं होतं. ब्लॅक मुलंमुली इंजिनिअर होतात, नोकरीला लागतात, आणि मग काही वर्षांत निघून का जातात, त्यांनी राहावं, वर जावं म्हणून काय बदलायला हवं, हा माझा अभ्यास. तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "यात इंजिनिअरिंग कुठे आहे? या तर नुसत्या गप्पा." मी रागाने फोन ठेवला होता. पण खोटं नव्हतं ते. मी गप्पाच मारते, समोर रेकॉर्डर ठेवून.

इथे टेक्सासात, शुगर लँडच्या लायब्ररीत एक लहान खोली घेतली होती. बाहेर ऑगस्टचं ऊन, पार्किंगपासून दारापर्यंत येईतो ती घामाघूम झालेली. पन्नाशी उलटलेली, बारीक कापलेले केस, हसरी. आता कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. बसता बसता म्हणाली, "ईमेलखाली तुझं आडनाव बघितलं आणि म्हटलं, हे दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. त्यांची मुलगी ना तू?" मी हो म्हटलं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. अशा वेळी मुलाखत दुसऱ्याने घ्यायची असते. पण ती म्हणाली, "अगं, थांबतेस काय? तू आहेस म्हणून तर आलेय." मी बटण दाबलं.

आता तुमच्याबद्दल काहीतरी वाईट ऐकावं लागणार म्हणून मी अंग चोरून बसले होते. तर ती म्हणाली, "तुझे वडील म्हणजे त्या मजल्यावरचा सगळ्यात सभ्य माणूस. पाच वर्षांत मला एक वाकडा शब्द बोलले नाहीत." मला हायसं वाटलं. मग म्हणाली, "तिथेच तर माझं नुकसान झालं." तुमच्या केबिनमधून इंडियन मुलांवर ओरडल्याचा आवाज यायचा. मुलं पडलेल्या चेहऱ्याने बाहेर यायची आणि तासाभरात ड्रॉइंग सुधारून परत आत जायची. "मी माझी कॅल्क्युलेशन्स दिली, की म्हणायचे, गुड, व्हेरी गुड, असू दे माझ्याकडे. आठवड्याने ड्रॉइंग बाहेर पडायचं, तर पाइपाचे सपोर्ट मी दाखवलेली जागा सोडून भलत्याच ठिकाणी. माझं काय चुकलं, ते मला कधी कळलंच नाही. विचारलं, तर म्हणायचे, किरकोळ होतं. आणि प्रमोशनची वेळ आली की माझ्या फाइलमध्ये एकच शेरा, अजून तयार नाही. कशी होणार होते मी तयार? मला तर ते पाहुण्यासारखं वागवायचे."

ती मुलं मला आठवतात, बाबा. शनिवारी आपल्याकडे जेवायला यायची. तो नागपूरचा, सगळ्यात जास्त बोलणी खाणारा, आईला सांगायचा, "काकू, आज काकांनी सगळ्यांसमोर सोलून काढलं मला. म्हणाले, तुला डिग्री कोणत्या गाढवाने दिली?" आई त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकायची. "रागावतात म्हणजे आपलं समजतात रे. परक्याला कोण रागावतंय?" सगळे हसायचे. तुम्ही जेवता जेवता नॅपकिनवर पाइप काढून त्याला परत समजावायचात. तो पुढे तुमच्याही वरच्या जागी गेला.

आणि मला तो रविवार आठवतो. मी सोळा वर्षांची, किचन टेबलाच्या एका टोकाला परीक्षेचा अभ्यास करते आहे. मधे आई मटार सोलते आहे. दुसऱ्या टोकाला तुम्ही लाल पेन्सिल घेऊन कुणाचे तरी कागद तपासता आहात आणि स्वतःशी चरफडता आहात. "अरे, गरम झाला की पाइप लांबणार. त्याला हलायला जागा नको? दोन्हीकडून आवळून टाकलाय." आई विचारते, कुणाचं आहे? "आमच्या त्या ब्लॅक मुलीचं. पोरगी हुशार आहे गं. कुणी धड कान पिळले ना तिचे, तर चार वर्षांत माझ्या खुर्चीत बसेल."

"मग पिळा की. त्या नागपूरवाल्याचे तर रोज पिळता."

"तो आपला आहे. हिला काही बोललो आणि उद्या एचआरकडे गेली म्हणजे? एकदा नोकरी गेली तेवढं पुरे झालं. त्यापेक्षा मीच करतो दुरुस्त, पाच मिनिटांचं काम आहे."

आईने पुढची शेंग सोलायला घेतली. मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाले, "स्मार्ट मूव्ह, बाबा." तुम्ही हसलात. मला तुमचं ते हसू अजून दिसतं, कारण माझ्या बोलण्याला तुम्ही सहसा हसायचा नाहीत.

तुम्हाला पुस्तकी शब्दांत पकडायचं नाहीये मला. या देशात तुम्हीही किती दबून राहिलात, मीटिंगमध्ये तुमच्या उच्चारांची नक्कल व्हायची, मंदीत सामान खोक्यात भरून घरी आलात, हे मी पाहिलंय. पण भीती तुमची होती आणि किंमत तिने दिली. पाच वर्षं, रोज, गुड मॉर्निंग म्हणत.

मुलाखत संपत आली तेव्हा तिने विचारलं, "एक विचारू? घरी कधी माझा विषय निघायचा का?" रेकॉर्डर चालू होता. मी म्हटलं, "नाही. ते ऑफिसचं घरी बोलायचे नाहीत." तिने मान हलवली. "वाटलंच मला," म्हणाली, आणि पर्स उचलली.

मुलाखत टाइप झाली की आम्ही ती त्या माणसाला वाचायला पाठवतो, त्याच्या संमतीशिवाय वापरत नाही. पाठवायच्या आधी मी वाचत गेले आणि शेवटच्या पानावर माझं ते 'नाही' आलं. इतक्या वर्षांत कितीजणांना मी म्हटलं असेल, इथे फक्त खरं बोला, तुमच्या खऱ्यावरच हे सगळं उभं आहे. आणि त्या मुलाखतीत खोटं बोलणारी मी एकटी. शनिवारी दुपारी तिला फोन केला. म्हटलं, मी खोटं बोलले, तुमचा विषय निघाला होता. बाबा म्हणाले होते की तुम्ही हुशार आहात, एक दिवस त्यांच्या खुर्चीत बसाल.

 ती पलीकडे हसली. "त्या करकरणाऱ्या खुर्चीत? असं म्हणाले ते?" आणि मग, हसू पुरतं ओसरायच्या आत, "मग मला का नाही बोलले?"

मी म्हटलं, "त्यांना बोलता यायचं नाही. जरा लाजाळू होते."

तुम्ही, लाजाळू! शेजारच्या घरातल्यांना तुमचा आवाज पाठ होता. पण तिने ते मानलं, किंवा मानल्यासारखं केलं. म्हणाली, "थँक यू, हनी. बरं झालं सांगितलंस." मी माझं 'नाही' खोडून त्या जागी हे अर्धं खरं टाइप केलं, आणि तिने संमती दिली.

एचआरचं वाक्य मी तिला सांगितलं नाही. माझं 'स्मार्ट मूव्ह' तर नाहीच. तिला वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, पाठवायला जागाही नाही. खरं तर आज सकाळी मी तिला लिहायला बसले होते, बाबा. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं.