वर करपलं, खाली कच्चं

४ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळ.

ही सकाळी बहिणीकडे गेली. हवापालटासाठी. तसं ती म्हणाली नाही, पण दुसरं कारण असूच शकत नाही. दोन बॅगा आणि शिवणाचं मशीन घेऊन गेली. हवापालटाला मशीन कशाला, असं विचारणार होतो. विचारलं नाही. भांडण वाढवण्याचा माझा स्वभाव नाही.

बुधवारची गोष्ट मनाला लावून घेतली असेल तर कमाल आहे. कारखान्यातले माझे दोन जुने सहकारी जेवायला आले होते. हिनं सफरचंदाचा क्रंबल केला होता. खाली सफरचंदाच्या फोडी, वर लोणी, साखर आणि मैद्याचा चुरा, ओव्हनमध्ये भाजलेला. दोघं बशा चाटायचे तेवढे बाकी होते. वहिनी, काय हात आहे तुमचा, वगैरे. मी एवढंच म्हणालो की यात हाताचा काय संबंध? मी एकतीस वर्षं भट्टी चालवली. टाइम आणि टेंपरेचर, संपला विषय. माकडाला शिकवलं तरी करेल.

ही म्हणाली, करून दाखवा.

परक्या माणसांसमोर! मी तिथल्या तिथे जाहीर केलं. रविवार, १९ तारीख. हेच पाहुणे, हेच काचेचं भांडं, क्रंबल माझा. त्यानंतर माझा आवाज जरा चढला. जराच. एक ग्लास फुटला, पण तो माझ्या कोपराजवळ ठेवणाऱ्याची चूक.

संकल्प: रागवायचं नाही. डॉक्टरांनी बजावलंय. आणि १९ तारखेला सगळ्यांची तोंडं बंद.

५ ऑक्टोबर.

हिची पाककृतींची वही सापडली. वाचून डोकं फिरलं. शब्दशः उतरवून ठेवतो:

"सफरचंदं भांडं भरेल इतकी. लोणी हाताला कळेल तेवढं. मैदा लोणी मागेल तेवढा. ओव्हनमध्ये वास येईपर्यंत."

हे काय आहे? लोणी मागणार? लोण्याला तोंड आहे? अडतीस वर्षं या घरात असल्या कागदांवर स्वयंपाक चालला होता आणि मला पत्ता नाही! आमच्या कारखान्यात कोणी असली प्रोसेस शीट आणली असती, तर मी ती त्याच्याच हातानं फाडायला लावली असती.

दुपारभर पाककृतींचं एक छापील पुस्तक घेऊन बसलो आणि नवी शीट तयार केली. आकृतीसकट. फोडींची जाडी आठ मिलिमीटर, कमी-जास्त अर्धा.

७ ऑक्टोबर.

फळवालीकडे गेलो. तिनं विचारलं, कशासाठी हवीत, खायला की भाजायला? मी म्हणालो, तुला काय करायचंय? सफरचंद ते सफरचंद. तिनं हिरवट, ओबडधोबड, आंबट वाणाची पुढे केली. मी लाल घेतली. त्यातलं एक मऊ निघालं म्हणून फक्त बोट दाबून दाखवलं. मग दुसरं दाबलं. मग तिसरं. तिनं पिशवीच काढून घेतली! म्हणाली, काका, तुमच्या घरच्यांना पाठवा.

अख्खा रस्ता बघत होता. मी चार शब्द सुनावले. चाराचे चाळीस झाले असतील.

दोन चौक पुढच्या दुकानातून घेतली. लाल. चकचकीत. एकसारख्या साइजची.

८ ऑक्टोबर. दुपार.

ट्रायल नंबर एक. साधं गणित आहे. १८० डिग्रीला पाऊण तास लागतो, तर २५० डिग्रीला वीस मिनिटं पुरतात. बायकांच्या हे लक्षात येत नाही, म्हणून त्यांचं आयुष्य स्वयंपाकघरात जातं.

निकाल: वर कोळसा, खाली कच्चं. धूर.

खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर वर आला. विचारलं, काही जळतंय का? मी म्हणालो, नाही. म्हणाला, डोळे चुरचुरताहेत. मी म्हणालो, मग डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. दार लावलं. दार जोरात लागलं ते वाऱ्यानं.

९ ऑक्टोबर.

दोष ओव्हनचा आहे. रात्री झोपेतच माझ्या लक्षात आलं. निवृत्त होताना कारखान्यानं मला तापमापक भेट दिला होता, तो माळ्यावरून काढला. ओव्हन १८० ला लावून आत धरला. १८० दाखवलं. २०० ला लावला. २०० दाखवलं.

तापमापक बिघडलाय. निरोपाच्या भेटी अशाच देतात.

१० ऑक्टोबर.

मुलीचा फोन. आई बरी आहे म्हणाली. दोघी बहिणी रोज फिरायला जातात. तिथल्या एका दुकानातून शिवायला पडदे मिळालेत. मी विचारलं, परत कधी येतेय? मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही तिला विचारलंत का?

मी का विचारू? मी पाठवलं का तिला? स्वतःच्या पायांनी गेली, स्वतःच्या पायांनी येईल. मुलगी म्हणाली, तुमचं हेच. मी म्हणालो, माझं कोणतं हेच? ती म्हणाली, ओरडू नका. मी म्हणालो, मी ओरडत नाहीये! फोन कट झाला. हल्ली नेटवर्कचा काही भरवसा राहिलेला नाही.

बाहेर पानगळ सुरू झालीय. जिन्यात पानं. झाडतो कोण? मीच. दातवाला पानांवरून खुशाल चालत जातो.

१२ ऑक्टोबर.

ट्रायल नंबर दोन. तापमान १८०, वेळ पाऊण तास. हिच्या पद्धतीला दिलेली ही सवलत आहे, माघार नव्हे. पुस्तकात लिहिलंय की लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी हलकेच चोळावं. मी व्यवस्थित दाबून, दोन्ही मुठींनी, एकजीव गोळा केला. काम करायचं तर अर्धवट का?

निकाल: वर फरशी. सुरी वाकली. शेवटी पेचकस लावून कोपरा उचकटला. खाली त्या लाल सफरचंदांचं पाणी झालेलं.

तटस्थपणे सांगायचं तर फरशी उत्तम होती. कुठे तडा नाही, फुगवटा नाही. आमच्या इन्स्पेक्शनला एका फटक्यात पास झाली असती.

१३ ऑक्टोबर.

हिरवी, आंबट सफरचंदं आणली. फळवालीकडूनच. ती नुसती हसली. हसण्यावर बंदी नाही, पण असायला हवी.

१४ ऑक्टोबर. दुपार ४.

ट्रायल नंबर तीन. चुरा जमला. रंग सोनेरी. हातात भांडं, मी ओव्हनपासून वळतोय, आणि नेमकी त्याच क्षणी बेल वाजली. दातवाला! माझं टपाल चुकून त्याच्या पेटीत पडलं होतं म्हणे. मी भांडं ओट्यावर टेकवलं. ओटा ओला होता.

टच्च असा आवाज आला. बारीक. मी तो आवाज एकतीस वर्षं ओळखतो. तापलेला माल गारठ्यावर ठेवला म्हणून मी किती जणांना शिफ्टमधून घरी पाठवलं असेल.

भांड्याचे सरळ दोन तुकडे.

हिच्या आईचं होतं. सासूबाईंनी लग्नात दिलेलं.

दातवाल्याला जिन्यातून खालपर्यंत ऐकवलं. तो खाली पोचल्यावरही ऐकवत होतो. त्याच्या दारात दोन पेशंट उभे होते, गालाला हात लावून. त्यांनीही ऐकलं.

काच जुनी होती. केव्हातरी जाणारच होती.

१५ ऑक्टोबर.

पाच दुकानं फिरलो. तसं भांडं कुठेही मिळत नाही. एका दुकानदारानं विचारलं, कसं होतं? मी सांगायला गेलो तर सांगता येईना. कडेला नक्षी होती की नव्हती? अडतीस वर्षं त्यातून खाल्लंय. त्याच्यावरच ओरडलो.

पत्र्याचं घेतलं.

१६ ऑक्टोबर.

पाहुण्यांना आठवण करायला फोन केले. पहिल्यानं विचारलं, वहिनी आल्या का? नाही म्हटल्यावर त्याची कंबर धरली. दुसऱ्यानंही वहिनींचंच विचारलं, आणि मग त्याला आठवलं की रविवारी कोणाचं तरी काहीतरी आहे.

म्हणजे वीस वर्षं ही माणसं माझ्याकडे येत होती ती कोणासाठी?

बरंच झालं. गर्दीत चवीकडे लक्ष राहत नाही.

१७ ऑक्टोबर. सकाळ १०.१५.

हिला फोन केला. शुद्ध तांत्रिक चौकशी, याची नोंद असावी. मेहुणीनं उचलला. कोण बोलतंय, म्हणाली! आवाज ओळखून. मग ही आली. मी थेट मुद्द्यावर. वहीत लिहिलंयस, वास येईपर्यंत. कसला वास?

ती म्हणाली, आधी लोण्याचा येतो, तो नव्हे. मग साखरेचा येतो, तोही नव्हे. ओव्हन लावून बाहेरच्या खोलीत जाऊन बसा. सफरचंदाचा वास तिथपर्यंत चालत आला की झालं. तुम्ही ओव्हनसमोर ठाण मांडून बसत असाल, म्हणून कळत नसेल.

तिला कसं कळलं?

मी म्हणालो, परवा एकोणीस तारीख आहे. ती म्हणाली, हो, मी रविवारी अकराच्या सुमाराला येतेय.

येतेय! मी काय म्हणत होतो? स्वतःच्या पायांनी. एक शब्दही न विनवता. माणसानं ठाम राहावं लागतं.

१८ ऑक्टोबर.

घर झाडलं. पलंगावरची चादर बदलली. जिन्यातली पानं थेट तळमजल्यापर्यंत काढली. दातवाल्याला नमस्कार केला. तो दचकला.

१९ ऑक्टोबर, रविवार. सकाळ १०.४०.

ओव्हन लावून बाहेरच्या खोलीत बसलोय. घड्याळ उशीखाली ठेवलंय. दोनदा उठलो, दोनदा परत बसलो.

आला. खुर्चीपर्यंत आला.

त्याच दिवशी. दुपार २.

अकराला पाच कमी असताना बेल वाजली. ही, आणि मागे साडू, हातात दोरखंड. खाली टेम्पो उभा होता.

आल्या आल्या ही म्हणाली, मी बहिणीच्या पलीकडच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्यात. माझं कपाट न्यायला आलेय. अगदी शांतपणे. पडद्याचं माप सांगावं तशी.

काय बोलायचं ते सगळं माझ्याकडे तयार होतं. घशापर्यंत आलं. तेवढ्यात तिनं आत वळून वास घेतला आणि विचारलं, झाला का? मी बशी भरून दिली. तिनं उभ्यानंच खाल्ला. सगळा. म्हणाली, चांगला झालाय.

पंधरा दिवस मी हे दोन शब्द ऐकण्यासाठी धडपडत होतो. ऐकले. मग त्यांचं काय करायचं ते सुचेना.

मी म्हणालो, तुझ्या आईचं भांडं फुटलं. मग म्हणालो, मी फोडलं. तिनं मान हलवली. म्हणाली, हात भाजला नाही ना? मी म्हणालो, नाही. तेवढंच.

साडूनं दोनदा घेतला. मग म्हणाला की त्याच्या पाठीत चमक आहे. म्हणजे बायकोचं कपाट तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवलं कोणी? मी, आणि दातवाल्यानं. तो आवाज ऐकून आपणहून आला होता. अवजड बाजू त्यानं धरली. वळणावर म्हणाला, सांभाळून. मी म्हणालो, हो.

टेम्पो निघताना तिनं कागदावर पत्ता लिहून दिला. मी विचारलं, येऊ का कधी? म्हणाली, या, पण फोन करून या.

अडतीस वर्षं एका दाराची एकच किल्ली दोघांत वापरली. आता फोन करून.

दुपार ३.५०.

फोन केला.

म्हणाली, आज नको, कपाट लावायचंय. बुधवारी बघू.

मी म्हणालो, बरं.