धुरापेक्षा झाकण बरं

१८ सप्टेंबर २००६, घोटावडे

अजून हसू येतंय. सकाळी आरोग्यसेविका ताईंनी आमच्या गच्चीवरच्या टाकीत वाटी बुडवली, तर वाटीत आळ्या वळवळताना दिसल्या. पंचायतीची सदस्य मी, आणि डास माझ्याच घरात! आमचे भाडेकरू जाधव, नांदेडहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेले, आठवडाभर चिकनगुनियानं वाकून चालतायत. त्यांना काय तोंड दाखवू?

दुपारी पंचायतीची सभा होती. डास निर्मूलनाचं सरकारी अनुदान आलंय. सरपंचांना धुराचं मशीन घ्यायचं होतं. म्हणाले, "धूर लोकान्ला दिसतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. तीन वर्षं मीही तेवढंच करत आले. पण ती वाटी डोळ्यांपुढून हलेना. उभी राहिले.

"आळ्या माझ्याच टाकीत निघाल्या. धूर काय टाकीत शिरतोय व्हय? आधी टाक्यांना झाकणं द्या, हौदात गप्पी मासे सोडा."

वाटलं, उगीच तोंड उघडलं का? मग शेजारी बसलेले तात्या म्हणाले, "आमच्या बी टाकीला झाकण न्हाई." मग आणखी दोघं तेच म्हणाले. शेवटी सरपंचच हसले, "माझ्या बी न्हाई. लिवा ठराव."

ठरावावर सूचक म्हणून माझं नाव लागलं! घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाव लागलं व्हय? मंग टाकी बी तूच घास."

घासली. गाणं म्हणत घासली.