खंडेनवमीचं इंजिन

जालना, मस्तगड
दिवाळीनंतरचा सोमवार, १९५५

तीर्थरूप जगन्नाथमामांच्या पायांवर भुजंगचं डोकं. इकडे सगळे खुशाल. तुमच्या डोळ्यांना अजून अक्षर दिसत नाही असा मामींचा निरोप आला, जीव हळहळला. गाईच्या तुपाचं काजळ घालून पाहा (आमच्या गल्लीत एकाला गुण आला, दुसऱ्याचं विचारू नका).

मामा, माझी नोकरी गेली होती ती परत आली, त्याची हकिकत ऐका. खंडेनवमीला मी जिनिंग कारखान्याच्या इंजिनाला हळदकुंकू लावलं, हार घातला. कापसाच्या गाड्या दारात खोळंबलेल्या. शेटजी आले, म्हणाले, "जल्दी चालू कर." मी म्हणालो, "आज न्हाई. आज त्याच्या आरामाचा दिवस हाय." "मंग तू बी आराम कर. उद्यापासून बिलकुल येऊ नको!" झालं. आजोबांच्या काळी गोष्ट इथंच संपली असती. मालकाचं तोंड हाच कायदा.

पण युनियनच्या भालचंद्ररावांनी अर्ज ठोकला आणि सरकारचे कामगारसाहेब आले. काय सांगू मामा! (बुटके, सर्दी झालेले, हातात साधी पिशवी.) पण ते बसलेले आणि शेटजी उभे! नोटीस दिली होती का? चौकशी केली का? याचं म्हणणं ऐकून घेतलं का? शेटजी हिशोबाच्या वह्या चाळायला लागले. मग साहेब माझ्याकडे वळले. "तुमचं म्हणणं काय?" मी मागं वळून पाहिलं, विचारतात तरी कोणाला! जन्मात मला हे कोणी विचारलं नव्हतं, लग्न ठरवतानासुद्धा नाही. तोंडातून एवढंच निघालं, "साहेब, इंजिनाला तेल घालायचं राह्यलंय." साहेब हसले, शेटजींना बाजूला घेऊन बोलले. दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर.

तुमचा भाचा
भुजंग

ता. क. : खरं काम राहिलंच. तुमच्या सालगड्याला, त्या बद्रीनाथला, आजच्या आज घरी पाठवा. पोळ्याला केदारखेड्याला आलो तेव्हा मोटारीपर्यंत सोडायला गाडी जुंप म्हणालो, तर म्हणतो, "आज बैलाच्या मानेवर जू न्हाई ठेवायचं." पाहुण्याला उलट उत्तर! नोटीस, चौकशी शेतावरच्या गड्याला लागू नाही, हे भालचंद्ररावांना विचारून घेतलंय.

दुसरा ता. क. (समासात) : चिकटवलेलं पाकीट पुन्हा उघडलं. तुम्हाला पत्रं वाचून दाखवतो तो बद्रीनाथच, हे आत्ता आठवलं. पत्र फाडणार होतो, पण तसंच ठेवलंय.

बद्रीनाथभाऊ, रामराम. तुमचं म्हणणं काय?